त्याआधी नाही

बाईंचं काम काय, असं कुणी विचारलं की त्यांचा नवरा सांगायचा, "तारखा देते आणि मोडते." ऐकणाऱ्याला वाटायचं, कोर्टात असतील. प्रत्यक्षात बाई एका खासगी रॉकेट कंपनीत होत्या. पैसे घेऊन लोकांचे उपग्रह वर पोचवायचे हा कंपनीचा धंदा, आणि कुणाचा उपग्रह कधी उडणार हे ठरवणं हे बाईंचं खातं. टीव्हीवाले, फोनवाले, जहाजांवर नजर ठेवणारे, झालंच तर पावाच्या डब्याएवढा उपग्रह बनवून आभाळाएवढ्या गप्पा मारणारे विद्यापीठातले प्राध्यापक, सगळे बाईंच्या दारात. त्यांच्या खोलीत भिंतभर पांढरी पाटी होती आणि तीवर प्रत्येक उड्डाणाची एक रंगीत, लोहचुंबकाची पट्टी. सकाळी आल्या आल्या बाई त्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे, म्हणजे पुढच्या तारखांवर, सरकवायच्या. उजवीकडून डावीकडे आलेली पट्टी आजवर कुणी पाहिली नव्हती.

या धंद्यात 'अमुक तारखेला उडेल' असं कुणी म्हणत नाही. 'अमुक तारखेच्या आधी नाही' म्हणतात. खोटं पडायची सोयच नाही. एखादी झडप अडकते, एखाद्या नळीतून थेंब गळतो, नाहीतर कुणी कोळी नेमका उड्डाणासाठी बंद केलेल्या समुद्रात जाळं टाकून डुलकी काढत असतो, रॉकेट जागेवरच. बाईंच्या अंगात हे इतकं मुरलं होतं की घरीही तोच खाक्या. "जेवायला किती वाजता?" "आठ. त्याआधी नाही." "केस कापायला कधी जायचं?" "रविवार. त्याआधी नाही." ऑफिसात त्यांना पाठीमागे 'त्याआधीनाही मॅडम' म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि मनातल्या मनात आवडतही होतं.

आवडत नव्हती ती एकच व्यक्ती. हवामान विभागाच्या प्रमुख. बुटक्या, नीटनेटक्या, कडक उन्हातही काखेत छत्री. यांना बाईंनी नाव ठेवलं होतं ढगमावशी. सगळी सिद्धता झालेली असायची. रॉकेट उभं, बोटी हटवलेल्या, विमानं वळवलेली, गिऱ्हाईक नवा सूट घालून काचेपलीकडे बसलेलं. एकेका खात्याला विचारलं जायचं, तयार? तयार. तयार? तयार. हवामान?

"नाही."

"मॅडम, बाहेर पान हलत नाहीये!"

"खाली नाही हलत. वर वारा आहे."

"वर म्हणजे कुठे?"

"वर."

झालं. गिऱ्हाईक सूट काढून ठेवणार, आणि बाई पट्टी उजवीकडे सरकवणार. बावीस वर्षं हे असंच चाललं. ढगमावशी निवृत्त झाल्या त्या दिवशी निरोपाचा केक होता. बाईंनी दोन तुकडे खाल्ले. एक रीतीचा, एक मनापासूनचा.

आता बाईंचे वडील. ते आयुष्यभर बस डेपोत टाइमकीपर होते. शिटी वाजली की बस सुटणार, मग आत ड्रायव्हर असो नसो, असं त्यांच्याबद्दल सांगत. बाईंची आई सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून ते लेकीकडे राहत होते आणि लेकीच्या धंद्याला मनापासून हसत होते. "एवढं मोठं धूड," म्हणायचे, "आणि एकदाही वेळेवर सुटत नाही. आमच्या डेपोत असतं तर भंगारात काढलं असतं."

तर या वडिलांची बातमी प्रथम लागली ती बाईंच्या नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात. औषधवाल्याची बायको नवा नंबर काढायला आली होती. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचता वाचता म्हणाली, "तुमचे सासरे बरे दिसतात हल्ली. बागेत एका थर्मासमधून दोघं कॉफी पितात रोज." नवऱ्याच्या हातातली काच खाली पडली. बिचारा दोन दिवस गप्प राहिला. बायकोला सांगायचं धाडस होईना. तिसऱ्या दिवशी वडिलांनीच न्याहारीला तोंड उघडलं.

"मला लग्न करायचंय."

बाईंच्या हातातला टोस्ट हातातच राहिला. "कुणाशी?"

वडिलांनी नाव सांगितलं. बाईंना ठसका लागला तो थांबेना. मुलीनं पाठ थोपटली, नवऱ्यानं पाणी आणलं.

"बाबा, त्या? अहो, त्या ढगमावशी!"

"बाग सातला उघडते," वडील शांतपणे म्हणाले. "ती सातला फाटकाशी असते. सातला म्हणजे सातला. आयुष्यभर मी वेळेवर येणारं माणूस शोधत होतो. तुझी आई, देव तिचं भलं करो, स्वतःच्या लग्नालाही उशिरा आली होती. आणि तू तर काय, तुझं पोटच त्यावर चालतं."

"अहो, पण त्याच का?"

"पहिल्या दिवशी मी विचारलं, पाऊस येईल का हो? म्हणाली, चाळीस टक्के. मी म्हटलं, बाई खरं बोलते. चाळीस टक्के का होईना." मग ते पुढे वाकले. "हे बघ बाळ, तुझ्यावाचून मी लग्न करणार नाही. तू तारीख द्यायचीस आणि तू शेजारी उभं राहायचंस. सगळ्या जगाला तारखा देतेस. एक बापाला दे."

नाही म्हणायला बाईंची जीभ उचलेना. त्यांनी धंद्यातलं उत्तर दिलं. "पुढच्या महिन्यात. त्याआधी नाही."

आणि मग बाईंनी काय केलं म्हणता? जे त्यांना उत्तम जमतं ते. पुढच्या महिन्यात मुलीची परीक्षा निघाली. त्याच्या पुढच्यात घराला रंग. मग कंपनीत हिशेब तपासणारे आले. मग एका गिऱ्हाइकाचा फ्रिजएवढा उपग्रह आला, त्याचं उड्डाण पुढे ढकललं गेलं, आणि लग्नही त्याच्या मागून फरफटत निघालं. पाटीवर वडिलांच्या लग्नाची पट्टी नव्हती एवढंच, सरकत मात्र ती सर्वांत वेगात होती.

मध्ये एकदा वडिलांच्या आग्रहाखातर त्या विवाह नोंदणी कार्यालयात जाऊनही आल्या. अर्जावर तारखेच्या जागी त्यांनी लिहिलं, 'वीस तारखेनंतर कधीही.' कारकुनानं अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"बाई, लग्नाला तारीख लागते. अंदाज नाही चालत."

"पण त्याआधी नाही, हे नक्की आहे ना."

"अहो, वीसनंतर मी निवृत्त होईपर्यंत सगळे दिवस येतात!"

बाई रागावून परत आल्या. खरं तर सुटल्यासारख्या आल्या. वडिलांनी विचारलं, काय झालं? "कारकून मूर्ख आहे," बाई म्हणाल्या. वडील त्यांच्याकडे बघत राहिले. डेपोत चाळीस वर्षं काढलेला माणूस. बस बिघडलीय की ड्रायव्हरला न्यायची नाहीये, हे त्यांना इंजिनाच्या आवाजावरून कळायचं.

पुढच्या रविवारी सकाळी नऊला दारावरची घंटा वाजली. दारात ढगमावशी, काखेत छत्री, हातात केकचा डबा. वडिलांनी त्यांना कुणाला न सांगता बोलावलं होतं. बाई गाऊनवरच होत्या, केस विस्कटलेले. बावीस वर्षांच्या वैऱ्यानं आपल्याला या अवतारात पाहावं, याहून मोठी नामुष्की त्यांना सुचेना.

"या ना ढगमावशी, बसा!" बाईंची मुलगी आतून ओरडली. कॉलेजात जाणारी घोडी, पण घरात लहानपणापासून हेच नाव ऐकलेलं. तिला दुसरं माहीतच नव्हतं. बाईंना वाटलं, जमीन दुभंगावी.

"हं," ढगमावशी बसत म्हणाल्या. "मला वाटलं होतं, याहून वाईट काहीतरी ठेवलं असेल."

कॉफी ओतून झाली तशी वडिलांनी खिशातून डेपोतली जुनी शिटी काढली आणि फुर्रकन वाजवली. मांजर टेबलाखालून पळालं.

"तुमच्याकडे करतात तसंच करायचं," वडील लेकीला म्हणाले. "एकेकाला विचारणार. जावई?"

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं, मग ताटलीकडे. "तयार," तो ताटलीला म्हणाला.

"नात?"

"तयार! ड्रेससुद्धा घेतलाय."

"हवामान?"

ढगमावशींनी कप खाली ठेवला. "तयार."

"ऐकलंस का गं? हवामान तयार म्हणतंय! आयुष्यात कधी ऐकलं होतंस?" वडील खूश झाले. मग आवाज खाली आला. "वेळापत्रक?"

बाई कॉफी ढवळत राहिल्या.

"तयार नसशील तर कारण सांग. तुमच्यात कारण सांगितल्याशिवाय कुणाला थांबता येत नाही. तूच सांगतेस."

"परीक्षा..."

"संपली," मुलगी म्हणाली.

"रंग..."

"वाळला," नवरा म्हणाला. आज त्याला कुठून धीर आला होता कोण जाणे.

बाईंनी ओठ आवळले, बशीतला चमचा उगाच सरळ केला. मग म्हणाल्या, "आईचं कपाट."

वडिलांच्या खोलीत आईचं कपाट होतं. तिचे कपडे, तिचा हिवाळी कोट, बटणांचा पत्र्याचा डबा. कधी कधी काही शोधायचं निमित्त करून बाई ते उघडायच्या आणि जरा वेळ तशाच उभ्या राहायच्या.

"ते रिकामं करावं लागेल ना आता," बाई म्हणाल्या. "मला नाही जमणार. बस, एवढंच कारण आहे."

वडील शिटी बोटांत फिरवत राहिले. बोलल्या त्या ढगमावशी.

"ते कशाला हलवायचं? माझं कपाट मी घेऊन येणार आहे. जिन्यातून वर जाईल का, तेवढं बघा." मग जरा थांबून म्हणाल्या, "आणि एक बुटांचा जोड आहे. माझ्या यजमानांचा. त्यालाही जागा लागेल."

"घालणार कोण?" मुलीनं विचारलं.

"कुणी नाही. असू दे."

"दाराशी ठेवू," वडील म्हणाले. "मोठे आहेत ना? चोर बिचकतील."

ढगमावशी हसल्या. त्यांना हसताना बाई पहिल्यांदाच पाहत होत्या. पुढचा एक दात किंचित वाकडा होता. बावीस वर्षांत दिसला नव्हता.

"शुक्रवारी," बाई म्हणाल्या.

सगळे थांबले. पुढचे दोन शब्द यायचे होते.

"शुक्रवारी, अकरा वाजता," बाई म्हणाल्या. "बघताय काय? केक कापा."

सोमवारी ऑफिसात पाऊल टाकलं तोच मोठे साहेब दारात. त्या फ्रिजएवढ्या उपग्रहाच्या रॉकेटची झडप बदलून झाली होती. समुद्र मोकळा मिळत होता, आभाळ मोकळं मिळत होतं, गिऱ्हाईक विमानात बसलं होतं. उड्डाण शुक्रवारी, सकाळी अकराच्या सुमाराला.

"आणि वेळापत्रकाच्या खुर्चीवर तुम्ही हव्यात," साहेब म्हणाले. "फ्रिजवाले दुसऱ्या कुणाला मानत नाहीत."

काय नशीब पाहा! आयतं कारण चालून आलं होतं, तेही खरंखुरं. नुसता घरी फोन करायचा आणि म्हणायचं, बाबा, शनिवारच्या आधी नाही. वडील समजून घेतील, हेही बाईंना ठाऊक होतं. सहा वर्षं ते समजूनच घेत होते. बाईंनी फोन उचलला, आणि सकाळी निघताना पाहिलेलं त्यांना आठवलं. वडील इस्त्रीच्या टेबलाशी उभे होते. डेपोतल्या जुन्या कोटाची बटणं ब्रशानं घासत होते.

बाईंनी फोन ठेवला. "साहेब, शुक्रवारी मी नाही. खुर्चीवर माझा सहायक बसेल."

"अहो, काय आहे शुक्रवारी?"

"वडिलांचं लग्न."

साहेबांना हसावं की अभिनंदन करावं ते कळेना. "ते... जरा सरकवता नाही येणार?"

"नाही," बाई म्हणाल्या. अगदी ढगमावशींसारखं.

शुक्रवारी कारकुनानं बाईंना पाहताच ओळखलं. "वीसनंतर कधीही, त्याच ना तुम्ही? बसा, बसा. आज आहे ना नक्की?" बाईंचा हात पर्समधल्या फोनवर होता. वडील चकचकीत बटणांच्या कोटात ताठ उभे. ढगमावशी निळ्या पोशाखात, काखेत छत्री. छत्री मुलीनं मागितली, दिली नाही.

वडिलांनी सही केली. ढगमावशींनी पेन हातात घेतलं आणि सवयीनं खिडकीबाहेर पाहिलं. "वर वारा आहे," त्या हळूच बाईंना म्हणाल्या. "आज उडत नाही तुमचं. काळजी करू नका."

एवढ्यात खिडकीची तावदानं थरथरायला लागली. आधी गुरगुर, मग पोटात शिरणारा गडगडाट. सगळे खिडकीकडे धावले, सगळ्यांत पुढे कारकून. समोरच्या छपरांच्या वर एक पांढरी रेघ चढत होती आणि तिच्या टोकाला एक ठिणगी. बाईंनी आजवर शेकडो उड्डाणांच्या तारखा दिल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी त्या बिनखिडक्यांच्या खोलीत आकड्यांसमोर बसलेल्या होत्या. डोळ्यांनी पाहिलेलं हे पहिलंच. त्यांनी आपण कुणाचा हात धरलाय ते न पाहताच घट्ट धरला.

"चुकलात की हो!" ठिणगी दिसेनाशी झाल्यावर त्या ढगमावशींना म्हणाल्या. डोळे पुसायचंही भान नव्हतं.

"निवृत्त झालेय मी," ढगमावशी म्हणाल्या. "आता चुकायला मोकळी आहे. हात सोडा, सही करायचीय."

"अकरा वाजून गेले!" वडील घड्याळावर बोट आपटत होते. "गाडी लेट आहे!"

केक खात असताना सहायकाचा निरोप आला. उपग्रह रॉकेटपासून सुटा झाला, त्याचा पहिला संदेश आला, सगळं ठीक. बाईंनी तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि फोन पर्समध्ये टाकून दिला.

राहिलं ते ढगमावशींचं कपाट. ते दुसऱ्या दिवशी आलं आणि पहिल्या वळणावर जिन्यात असं अडकलं की ना वर, ना खाली. बूट आधी वर गेले आणि दाराशी जाऊन बसले. सुतार आला, त्यानं कपाटाभोवती दोनदा फेरी मारायचा प्रयत्न केला, पेन्सिल कानामागे खोचली.

"कधी निघेल हो?" बाईंनी वरून विचारलं.

"बुधवार," सुतार म्हणाला. "त्याआधी नाही."

"हे काय उत्तर झालं?" बाई कडाडल्या. "लोकांची अडचण होते, कळत नाही का? नक्की तारीख सांगा!"

आतल्या खोलीत कुणीतरी फुर्रकन शिटी वाजवली.