नागुबाईंच्या दोन डब्या

लोह्याजवळच्या एका वस्तीत नागुबाई एकट्या राहतात. मुलगा आनंदराज पुण्याला कामाला गेला, तिथंच संसार थाटला, आणि हळूहळू त्याचे फोनही बंद झाले. वस्तीला हे ठाऊक होतं. नागुबाईंच्या तोंडून मात्र कुणी ऐकलं नव्हतं. कुणी विचारलंच तर त्या म्हणत, "हाय की. रानात गेलाय."

पावसाळा सरता सरता लातूरहून जंत तपासणारं पथक आलं. त्यातल्या ऋतुजा नावाच्या मुलीनं दारात विचारलं, "घरात किती माणसं?"

"दोघं. मी अन् आनंदराज."

शौचाचा नमुना देण्यासाठी नागुबाईंना दोन डब्या मिळाल्या. आता, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही ही त्यांची जन्माची रीत. शेजारणीची वाटीसुद्धा चिमूटभर साखर घालूनच परत जायची. सकाळी त्यांनी दोन्ही डब्या भरून दिल्या.

काही दिवसांनी ऋतुजा गोळ्या घेऊन आली. सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसलं नव्हतं, पण जंताचा बारीकसा अंशही ओळखणाऱ्या पीसीआर तपासणीत दोन्ही डब्यांत अंकुशकृमी निघाले होते.

"अनवाणी पायातून शिरतात, मावशी, अन् आतून रक्त पितात. तुम्हाला धाप लागते ती त्यानंही असेल. दोघांनीही माझ्यासमोर गोळी चावून खायची. भाऊ कुठंयत?"

"येईल इतक्यात."

"मग थांबते मी." ती ओट्यावर बसली.

नागुबाईंनी चहा ठेवला. आनंदराजची वाट बघायला त्यांच्यासोबत आजवर कुणी बसलं नव्हतं. पोरगी रस्त्याकडं बघायची, तशी त्यांचीही मान वळायची. चहा आटत चालला, तरी त्यांना उतरवावासा वाटेना. शेजारचे शेषेराव कुंपणाशी कडबा रचत होते. ते सगळं ऐकत होते.

"फोन लावता का त्यांना?" शेवटी ऋतुजानं विचारलं.

नागुबाईंनी पदराला हात पुसले. "तो न्हाई येत, पोरी. दुसरी डबी बी माझीच व्हती."

"अहो, असं कसं केलंत?"

"रिकामी कशी देऊ?"

ऋतुजाला हसू आलं, ते तिनं आवरलं. एक गोळी पिशवीत परत ठेवली, दुसरी नागुबाईंच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती सावकाश चावली.

"महिन्यानं परत तपासायला येते."

"ये. एकच डबी आण." मग कुंपणापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "घरात मी एकलीच हाय."