ढब्बू आपणहून चालला तो दिवस

आमच्या इमारतीत तिला सगळे पडदेवाली म्हणतात. शेवटच्या मजल्यावर राहते, घरीच पडदे शिवते. खिडकीशी मशीन, मशीनच्या पायाशी कापडाचे गठ्ठे आणि गठ्ठ्यांच्या पलीकडे खुर्चीत तिची सासू. सासूला ऐकू कमी येतं, दिसतं मात्र घारीसारखं. नवरा एका कारखान्याच्या गोदामात स्टोअरकीपर. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून डबा घेऊन बाहेर पडायचा, संध्याकाळी परत यायचा. मुलगी नोकरीसाठी लांब गेल्यापासून घरात ही तिघंच.

हे सगळं तिनंच मला सांगितलं. पडद्याचं माप घ्यायला आली होती. स्टुलावर चढली, टेप ताणली आणि माप राहिलं बाजूला.

झालं असं, की एका संध्याकाळी नवऱ्यानं एक खोकं आणलं. रिमोटवर चालणारा रोबो घरी जोडायचं सामान होतं त्यात. दोन मोटारी, चाकं, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, लाल-काळ्या वायरी, तांदळाच्या दाण्याएवढे स्क्रू आणि चित्रांचा एक कागद.

"गोदामात सगळ्यांना भेट दिली," तो म्हणाला.

तिनं झाकण उघडून आत बोट घातलं, तर म्हणाला, "राहू दे गं. ते तुझ्या हातचं काम नाही. मुलगी आली की बघेल."

खोकं कपाटावर गेलं. तो विसरून गेला, पण तिला ते शब्द झोंबले. ज्या बाईच्या हातची चुणी इकडची तिकडे होत नाही, तिच्या हातचं काम नाही? दुसऱ्याच दुपारी तिनं खोकं खाली काढलं. बॉबिनची केस उघडायला मशीनबरोबर जो बारकासा स्क्रू-ड्रायव्हर मिळतो, त्यानंच सुरुवात केली. पहिल्यांदा वायरी उलट लागल्या. पुढचं बटण दाबलं की गडी मागं जायचा. सासू म्हणाली, "हा आपल्या घरातलाच दिसतोय." मग एक चाक लटपटायला लागलं, तर पडदेवालीनं त्याच्या दांड्यावर दोऱ्याचे वेढे दिले आणि चाक घट्ट बसवलं. हळूहळू रोबो उभा राहिला. बुटका, पोट पुढं आलेला, डोळ्यांच्या जागी दोन दिवे. सासूनं नाव ठेवलं ढब्बू. नवरा घरी यायच्या आत ढब्बू गठ्ठ्यांमागं लपायचा. मुलगी सुट्टीला आली की दोघांसमोर एकदम चालवून दाखवायचा आणि नवऱ्याचं तोंड बघायचं, असा बेत होता.

त्या दिवशी दुपारी ढब्बूला एक फेरी मारायला लावून तिनं रिमोट मशीनवर ठेवला आणि ती भांडी घासायला आत गेली. सासूनं हाक मारली.

"अगं, हा मला बघून मागं सरकला!"

"काहीतरीच काय, आई."

"काहीतरीच नाही. आता वळला बघ!"

ती ओल्या हातांनी बाहेर आली. ढब्बू खोलीच्या मधोमध होता. रिमोट मशीनवर, ठेवला तसाच. आणि तिच्या डोळ्यांदेखत ढब्बू पुढं गेला, थांबला, डावीकडे वळू लागला, अडखळला, पुन्हा वळला.

"मी झुरळाला न भिणारी बाई," ती मला म्हणाली. "पण जे आपण स्वतः जोडलंय, ज्याच्या पोटात काय आहे ते आपल्याला पाठ आहे, ते आपल्याला न विचारता चालायला लागलं, की काय वाटतं ते सांगता येत नाही."

तिनं रिमोट उचलला आणि त्यातले सेल काढून टेबलावर ठेवले. ढब्बू खुर्चीच्या पायाला धडकला, मागं आला आणि पुन्हा धडकला. सासूनं पाय वर घेतले. "याला कोणीतरी बोलावतंय," ती म्हणाली. एरवी पडदेवाली हसली असती. त्या दिवशी ती खोकं शोधायला धावली.

खोक्यावर दुकानाचा फोन नंबर होता. तिनं लावला. दुकानदाराला हे नवीन नव्हतं.

"घाबरू नका. तसाच दुसरा रोबो कोणीतरी जवळपास चालवतंय. या स्वस्तातल्या संचांचे रिमोट सगळे सारखेच असतात. एकाच्या रिमोटवर दुसऱ्याचा चालतो."

"आमच्या इथं दुसरा कोणाकडं असणार?"

"तुमच्याच घरात असेल बघा. एकावर एक फुकट होता तो. सुटा विकलाच नाही आम्ही."

"पण आमच्याकडं तर भेट आलाय."

"भेट देणाऱ्यानं एक स्वतःला ठेवला असेल," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

पडदेवालीनं ढब्बूला उचललं. त्याची चाकं तिच्या हातात फिरतच होती. ती जिना उतरली. एक मजला, दोन मजले, आणि चाकं थांबली. परत वर आली, तर पुन्हा फिरायला लागली. आमच्या मजल्यावरून ती अशी रोबो पोटाशी धरून वरखाली जाताना मी स्वतः पाहिलं. मला वाटलं, मांजराचं पिल्लू सापडलंय.

आपल्या दारापाशी आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की जिना अजून वर जातो. वर गच्ची आणि पाण्याच्या पंपाची छोटी खोली. तिथं कोणी जात नाही. खोलीची किल्ली तिच्या नवऱ्याकडंच असायची, कारण पंपाची देखरेख इमारतीनं त्याच्यावर सोपवली होती. ती चढत गेली तशी चाकं जोरात घरघरू लागली. खोलीला बाहेरून कुलूप नव्हतं. तिनं दार ढकललं.

पालथ्या घातलेल्या बादलीवर तिचा नवरा बसला होता. सकाळचाच इस्त्रीचा शर्ट. शेजारी रिकामा डबा, तिनंच भरून दिलेला. हातात रिमोट आणि समोर फरशीवर दुसरा ढब्बू, अर्धवट वळलेला.

तो तिच्याकडं नाही, तिच्या हातातल्या रोबोकडं बघत होता. त्याचा अंगठा बटणावर दाबलेलाच राहिला होता आणि तिच्या पोटाशी ती चाकं गरगर फिरत होती.

"आधी तो अंगठा उचला," ती म्हणाली.

त्यानं उचलला. सगळं शांत झालं.

"हा तू जोडलास?" त्यानं विचारलं.

"तुम्ही इथं काय करताय?"

त्यानं रिमोट फरशीवर ठेवला. मग म्हणाला, "गोदामच उठलं गं. सगळ्यांना घरी पाठवलं."

"कधी?"

"पोर नोकरीला गेली, त्याच्या पुढच्याच महिन्यात."

ती मटकन उंबऱ्यावर बसली. आधी तो बागेत बसायचा, मग वाचनालयात. तिथले लोक ओळखायला लागले, तेव्हा इथं यायला लागला. पगार म्हणून घरी आणायचा ते कारखान्यानं जाताना दिलेल्या पैशातलेच. म्हणजे ती खाली मशीन चालवत होती आणि हा माणूस तिच्या डोक्यावर बसून डबा खात होता. वर खुडबुड ऐकू आली की ती कबुतरांना शिव्या द्यायची.

"नोकरी जाते हो, माणसाची जाते," ती मला म्हणाली. "तो धक्का नाही. पण रोज संध्याकाळी मी विचारायची, आज काय झालं? आणि हा सांगायचा! साहेब कोणावर ओरडला, कोणाचा डबा पालथा झाला. गोदामातल्या हमालाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणाला. मी त्या हमालासाठी रात्री झोपले नाही. मऊ कापडाची उशी शिवून दिली, गुडघ्याखाली घ्यायला."

तेच तिनं त्याला तिथं विचारलं. "मग त्या हमालाचा गुडघा?"

"हमाल होता. पण तो कुठं गेला, मला माहीत नाही."

"आणि उशी?"

तो उठून उभा राहिला. बादलीवर तीच उशी होती.

ती ढब्बूला घेऊन खाली आली. सासूला सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं, म्हणून सगळ्या मजल्यांना कळलं. आपल्या पोटचा मुलगा असं करेल हे सासूला पटेना. मग म्हणाली, "इथं वरच होता तर मेल्यानं दुपारी खाली यायचं की माझ्याशी बोलायला. मी कोणाला सांगणार होते?"

पुढं बरेच दिवस त्या घरात फक्त मशीन बोलत होतं. तो घरीच असायचा, दुपारी आईशेजारी बसून जेवायचा. भेट ही थापच होती, संच त्यानंच विकत आणले होते; त्यातला दुसरा का ठेवला होता, तेही हळूहळू बाहेर आलं. मुलांना असे रोबो शिकवण्याचे वर्ग घेता येतील, असं त्याच्या डोक्यात होतं. पण त्याचा रोबो सरळ चालेचना. "तुझा कसा चालतो?" हे त्यानं विचारलं, तेव्हा ती पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. चाकाच्या दांड्यावर दोरा गुंडाळायला सांगितलं तिनं, आणि पुन्हा मशीनवर बसली.

वर्ग काही निघाले नाहीत. आता ती पडदे शिवते आणि तो लोकांकडं जाऊन पडद्यांच्या दांड्या बसवतो. पहिल्या घरी तिरकी बसवली, परत जाऊन सरळ केली. सध्या काम बरं चाललंय. मुलगी आली होती, तेव्हा दोन्ही ढब्बूंनी एकाच रिमोटवर घरभर धिंगाणा घातला म्हणे. सासू खुर्चीवर पाय घेऊन हसत होती.

"मग आता सगळं ठीक?" मी विचारलं.

पडदेवालीनं टेप गुंडाळली आणि ती स्टुलावरून खाली उतरली.

"ठीकच म्हणायचं. राग गेला. पण अजून तो 'येतो गं' म्हणून बाहेर पडला ना, की मी दाराशी जाते. पावलं खाली जाताहेत की वर, ते ऐकते. खाली गेली की मगच मशीनवर बसते."