दादाचा पाचवा गोल

ज्या इटालियन स्ट्रायकरवर माझ्या दादाचा जीव होता, त्याला आम्ही पाहिले ते फक्त दादाच्या अकोटच्या घरातल्या टीव्हीवर. तो फार वेगाने पळायचा नाही, लांबून फटकेही मारायचा नाही. गोलसमोर घुटमळायचा आणि चेंडू आला की जमेल तसा आत ढकलायचा. गुडघ्याने, नडगीने, एकदा तर पडता पडता पोटाने. दादाही तसाच खेळायचा.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तो बावीस वर्षांचा असताना अकोल्याला जिल्ह्यांच्या फुटबॉल संघांची स्पर्धा झाली. दादाच्या अमरावती संघाबरोबर मीही गेलो, कारण माझे अक्षर बरे होते आणि नोंदी घ्यायला एक माणूस कमी होता. शेवटच्या सामन्यात दादाने मारलेला चेंडू समोरच्या बचावपटूच्या पोटरीला लागून आत गेला. पंचांनी गोल दिला. तो कोणाच्या नावावर, हे आमच्या टेबलावर ठरायचे. मी 'स्वयंगोल' लिहिले, म्हणजे गोल त्या बचावपटूच्या नावावर.

शेजारी नोंदी घेत बसलेले एक गुरुजी म्हणाले, "अबे, भाऊच हाये ना तो तुहा?"

भाऊ होता म्हणूनच मी ते खोडले नाही.

विदर्भाच्या संघात एकच जागा उरली होती. दादाचे चार गोल, दुसऱ्या एका मुलाचेही चार. तो वयाने लहान होता, त्याला घेतले. खेळाडूंच्या कोट्यातून तो पुढे पोलिसात लागला. दादा अकोटला जिनिंगमध्ये लागला आणि एकतीस वर्षे कापसाच्या धुरळ्यात राहिला.

याबद्दल तो मला कधी बोलला नाही. फक्त एकदा आम्ही टीव्ही पाहत होतो. त्या इटालियनचा फटका बचावपटूला लागून आत गेला आणि पडद्यावर त्याचेच नाव आले. दादा वहिनीला म्हणाला, "पाह्य वं, याचा भाऊ नोता बसला लिवाले."

वहिनी हसली. मीही हसलो.

अमरावतीला परतल्यावर मी नियम शोधला. मूळ फटका गोलच्या दिशेने असेल, तर मध्ये कोणाला लागला तरी गोल मारणाऱ्याच्याच नावावर धरतात. दादाचा फटका गोलच्याच दिशेने होता, हे मी त्या सामन्यातच पाहिले होते. तरी त्याला सांगायला मला चौदा वर्षे लागली.

तोवर त्याची फुप्फुसे निकामी होत आली होती. अकोल्याच्या दवाखान्यात मी दर रविवारी एसटीने जायचो आणि मोबाइलवर त्याला त्या इटालियनचे जुने सामने दाखवायचो. छोट्या गावातला क्लब, मग मोठा क्लब, देशाचा संघ, गुडघ्याचे ऑपरेशन. शेवटच्या वर्षात तो जाकीट घालून राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेला दिसायचा. तिथे दादा मान वळवायचा. "बंद कर बे. बसवून ठेवलं त्याले."

अशाच एका रविवारी मी मोबाइल बंद केला आणि म्हणालो, "दादा, अकोल्याचा तो गोल तुहाच होता. नियमात हाये तसं."

त्याने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "कवा पायला नियम?"

"चौदा वर्षं झाले."

चौदा वर्षे गप्प का राहिलो, असे तो विचारेल म्हणून माझी तयारी होती. तो म्हणाला, "आन् नियमात नसता तं?"

खोटे बोलणे सोपे होते. त्याला तेच हवे असावे, असे आता वाटते.

"तं नसता देला," मी म्हणालो.

"मालूम हाये मले." त्याला धाप लागली होती, तरी तो थांबून थांबून बोलला. "पण त्या दिवशी मैदानातून मी तुह्याकडंच पायलं, लेका. वाटलं, आज तरी हा माह्यासाठी चुकीचं लिवन."

मी त्याचा मास्क पुन्हा लावला. पट्टी कानामागे नीट बसत नव्हती, दोनदा लावावी लागली. त्याने डोळे मिटले. पुढच्या रविवारी त्याच्याशी काय बोलायचे, याचा विचार करत मी बसमध्ये बसलो.

गुरुवारी वहिनीचा फोन आला.