डाव्या तळहातावरचं आकाश

लातुरात मंजुश्रीच्या घरी सकाळी एक वेळ अशी यायची की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मुलं शाळेला गेलेली असायची, नवरा राजशेखर सरकी-पेंडीच्या दुकानी निघायच्या तयारीत असायचा आणि मंजुश्री देवघरात. दाराकडं पाठ, डोक्यावर पदर, कपाळभर विभूती, डावा तळहात छातीशी धरलेला आणि नजर त्या तळहातावर लागलेली. लिंगायताच्या घरात अशा बसण्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. इष्टलिंगाची पूजा चालली आहे, हाक मारायची नाही.

पूजा ती खरंच करायची. अंघोळ झाली की गळ्यातली चांदीची डबी उघडायची, लिंग तळहातावर घ्यायचं, पाणी, विभूती, एखादं फूल, बेलाचं पान, मग नजर लावून जप. मुखेडला माहेरी आईनं शिकवलं होतं तसंच. जप झाला की लिंग डबीत आणि डबी परत गळ्यात. इथवर सगळं सरळ होतं. पण त्यानंतर ती उठायची नाही. पदराआडून मोबाइल निघायचा, त्याच तळहातावर, त्याच उंचीला यायचा, आणि मंजुश्री आकाशात जायची.

ते आकाश आओरीचं होतं. मंजुश्री शाळेत असताना शेजारच्यांच्या टीव्हीवर संध्याकाळी एक जपानी कार्टून मालिका लागायची, हिंदीत बोलणारी, 'आसमान की आओरी'. ढगांच्या वर तरंगणारी बेटं, कागदाच्या घड्या घालून केलेलं अवाढव्य पाखरू, आणि त्याच्या पाठीवर उभी राहून वाऱ्याची तलवार चालवणारी मुलगी. मंजुश्री आणि तिचा धाकटा भाऊ संगमेश दप्तर टाकून तिकडं पळायचे. ऐन लढाईत वीज गेली की दोघं गच्चीवर जाऊन उरलेली लढाई स्वतः लढायचे. तलवारी तुराट्यांच्या, पाखरू म्हणून आईची वाळत घातलेली चादर. आओरी कायम मंजुश्री व्हायची. संगमेशच्या वाट्याला राक्षस.

संगमेश आता नांदेडला एका औषधाच्या दुकानात होता. गेल्या वर्षी त्यानंच निरोप धाडला, "अक्का, आपली आओरी गेममध्ये आलीय. फोनवर घे. राक्षस कंपनीचे हायत, मला सुट्टी."

मंजुश्रीनं तो गेम सहज म्हणून घेतला. पडदा उजळला, ढग बाजूला सरकले आणि तेच कागदी पाखरू तिच्याकडं मान वळवून बघू लागलं. इतकी वर्षं ते तिथंच उभं असावं आणि आपणच कुठं तरी स्वयंपाकाला गेलो होतो, असं तिला वाटलं.

खेळायचं कुठं हा प्रश्न होता. स्वयंपाकघरात भाजी करपली. खोलीत बसली तर राजशेखर "काय बघायलीस?" म्हणून डोकावायचा. गच्चीवर जावं तर पलीकडच्या गच्चीतून शेजारीण अंबिका गप्पांना हजर. घरात एकच जागा अशी, जिथं तिच्याकडं कुणी काही मागायला येत नव्हतं. पहिल्यांदा ती देवघरात मोबाइल घेऊन बसली तेव्हा मनात काही कपट नव्हतं. तळहात आपोआप त्या उंचीला गेला. लहानपणापासून जी वस्तू डोळे भरून बघायची ती तशीच धरायची, हे त्या हाताला ठाऊक होतं. गेम उभ्या पडद्याचा. उजव्या हाताचं बोट वर ओढलं की पाखरू चढायचं, आडवं ओढलं की तलवार फिरायची. मागून बघणाऱ्याला वाटावं, बाई बेल वाहतेय.

आणि आत काय नव्हतं! केशरी पहाटेत तरंगणारी बेटं, त्यांच्या कडांवरून खाली कोसळणारे आणि वाटेतच धुकं होऊन जाणारे धबधबे. काचेचे पंख असलेले शत्रू थव्यानं यायचे आणि आओरीची तलवार फिरली की पावसाच्या थेंबांसारखे विखरायचे. आवाज बंद असल्यानं ते सगळं स्वप्नातल्यासारखं मुकाट घडायचं. मंजुश्रीला स्वतःचं वजन जाणवेनासं व्हायचं. एक गुडघा उभा घेऊन बसलेली बाई खाली राहायची, आणि दुसरी कुणी तरी, वारा कानात भरलेली, वर वर जायची. हा वेळ संपल्यावर ती दिवसभर कुणावर चिडायची नाही.

एकदा त्याच वेळेला नळाला पाणी आलं. लातुरात नळाचं पाणी म्हणजे लांबचा पाहुणा. आला की हातातलं टाकून उठायचं. राजशेखर हाक मारणार, तेवढ्यात त्याच्या आईनं, उमादेवींनी, त्याची बाही धरली.

"कामून वरडायलास? पूजेत हाय ती."

"अव्वा, पाणी जाईल."

"तुला हात हायत ना? पाइप धर."

राजशेखरनं इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आणि टाकी भरली. मंजुश्रीला आतून सगळं ऐकू येत होतं. आओरी त्या क्षणी एका जळत्या बेटावरून लोकांना पाखरावर घेत होती. मंजुश्रीला लाज वाटली, पण बेट सोडून उठवेना.

बोलता बोलता गल्लीत नाव झालं. अंबिका एकदा म्हणाली, "वैनी, तुमचं ध्यान लई वेळ लागतं म्हणं. उमाकाकू सगळीकडं सांगायल्यात. माझं तर डोळे लावले की दुधाच्या पातेल्यात जातं."

"माझंबी कुठं कुठं जातं," मंजुश्री म्हणाली. ते खोटं नव्हतं.

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी सासूसुना डाळ निवडत बसल्या होत्या. उमादेवींचा उजवा हात तेवढा डाळीत होता. डावा पदराखाली.

"मंजू, हिवाळ्यापासून माझा हा हात हलायलाय," त्या एकदम म्हणाल्या.

मंजुश्रीला चहा बशीत सांडतो ते माहीत होतं. तेव्हापासून ती त्यांचा कप अर्धाच भरायची. त्यावर दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

"लिंग हातावर घेणं सोडलं मी. पडलं तर? नुसती डबी डोळ्याला लावते आन् गळ्यात सोडते."

"आत्या, मग पूजा?"

"तुझ्या मागं येऊन बसते की, दाराजवळ. तुला कळत न्हाई. एवढा वेळ झाला तरी तुझं कोपर जागचं हलत न्हाई. त्याच्याकडं बघत मी जप करते." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "उद्या सोमवार हाय. उद्या मला लिंग हातावर घ्यायचंय. तू कशी बसतीस, मला शिकव."

मंजुश्रीनं हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण डाळ तिला दिसेनाशी झाली. ज्यांच्या हातून लिंग निसटण्याच्या धास्तीनं पूजा सुटली, त्या सासूबाई उद्या तिच्या भरवशावर हात पुढं करणार होत्या. आणि भरवसा कशाचा, तर आओरीच्या पाखराचा. खरं सांगावं तर सकाळची ती वेळ जाणार, सासूचा विश्वास जाणार आणि आपलं कोपर बघत त्यांनी केलेला जपही उष्टावल्यासारखा होणार. न सांगावं तर खोट्याच्या पायावर हात टेकून म्हातारीनं देव उचलायचा.

तिनं गच्चीवर जाऊन संगमेशला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"सांगू नको," तो म्हणाला. "हात कसा धरायचा तेवढं शिकव आन् मोकळी हो."

"आन् पडलं म्हणजे?"

"मग सांग. पण अक्का, तुझं उडणं बंद होईल."

"तेच तर."

"आयुष्यभर तुझ्या हातनं मार खाल्लाय म्हणून सांगतो. आओरी लपूनछपून कधी लढली न्हाई."

"तू गप बस," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आकाशात पांढऱ्या ढगांची रांग औशाच्या बाजूला सरकत होती. एका ढगाखाली सावली होती आणि तिथं उतरायला जागा असावी असं वाटत होतं. मंजुश्री वाळलेले कपडे काढायचे विसरून तिकडं बघत राहिली. ती वेळ गेली तर आपल्याकडं काय उरतं, हे तिनं कधी मोजून पाहिलं नव्हतं. आज बघितलं तर घर होतं, माणसं होती, सगळं भरलेलं होतं. नव्हती ती फक्त उंची.

सोमवारी सकाळी उमादेवी ओल्या केसांनी देवघरात आल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. मंजुश्रीनं आपली पूजा केली, जप केला, लिंग डबीत ठेवलं. उमादेवींची डबी मुठीत, अजून बंद. त्या वाट बघत होत्या.

"आत्या, आधी हे बघा," ती म्हणाली आणि पदराआडून मोबाइल काढून तळहातावर ठेवला. छातीशी, रोजच्या उंचीला.

ढग बाजूला झाले. पाखरानं मान वळवली.

उमादेवींनी चष्मा सारखा केला. "कोण ही पोरगी? कुणाची हाय?"

"कुणाची न्हाई. गेम हाय हा. माझी पूजा लवकर होते आत्या. त्याच्यानंतर मी हे खेळते. तुम्ही बघता ते कोपर... ते ह्याच्यासाठी असतं."

उमादेवी पडद्याकडं बघत राहिल्या, मग सुनेकडं.

"सगळ्या गल्लीत सांगितलं मी."

"हाव."

"राजूकडून पाणी भरून घेतलं."

"हाव, आत्या."

त्यांनी तोंड फिरवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तू काय करत होतीस ते तुझं तुला. पण मी नाव घेतलं ते तर खरंच घेतलं. ते काय तुझ्या मोबाइलात गेलं व्हय?"

"न्हाई."

"मग ते माझं मला राहिलं." त्यांनी मूठ उघडली. डबी बोटांत थरथरत होती. "आन् तुझा हात? त्यो हलत न्हाई ते तरी खरं हाय का त्येबी गेममधलं?"

"हात खरा हाय," मंजुश्री म्हणाली. तिला रडू यायला लागलं होतं. ते तिनं बोलण्यात दडपलं. "हात अधांतरी धरायचाच न्हाई, आत्या. गुडघा असा उभा घ्यायचा. कोपर त्याच्यावर टेकवायचं, बरगडीला चिकटवून. बोटं ढिली सोडायची. मग तळहात दमत न्हाई. पहिल्या पहिल्यांदा पाखरू सारखं खाली पडायचं माझं, तवा कळलं."

उमादेवींचा गुडघा उभा राहीना. मंजुश्रीनं आपला घेतला आणि त्यांचं कोपर त्यावर ठेवलं. दुसऱ्याच्या इष्टलिंगाला हात लावायचा नसतो, पण हाताखाली हात धरायला कुणाची ना नव्हती. तिनं आपला तळहात त्यांच्या तळहाताखाली नेला. उमादेवींनी डबी उघडली, लिंग उचललं, डोळ्यांना लावलं आणि डाव्या हातावर ठेवलं.

हात हलला. पकडलेल्या चिमणीचं अंग थरथरावं तसा तो थरकाप मंजुश्रीच्या तळव्यात उतरला, तिच्या मनगटातून कोपरात, कोपरातून गुडघ्यात आणि तिथून जमिनीत गेला. काही वेळानं कोणता हात कुणाचा ते तिला वेगळं कळेना. लिंग जागेवर होतं. उमादेवी पापणी न हलवता बघत होत्या, आणि त्यांच्या ओठांवरचं नाव मंजुश्रीला पहिल्यांदाच एवढ्या जवळून ऐकू येत होतं.

डबी बंद झाली तेव्हा दोघींचे हात आंबून गेले होते.

"आता ऐक," उमादेवी म्हणाल्या. "उद्यापासून मोबाइल इथं आणायचा न्हाई. देवासमोर न्हाई."

"हाव." मंजुश्रीनं तो पदरात गुंडाळला. तिची तयारी झालेली होती.

"तिकडं बाहेर सोप्यात बसत जा."

"सोप्यात कोण बसू देतंय आत्या?"

"मी बसते ना शेजारी. कोण काय म्हणतंय बघू." त्या भिंतीला धरून उठल्या. "चल. ती पोरगी तशीच लटकून राहिली असंल वर."

सोप्यात दोघी बसल्या. राजशेखर गाडीची किल्ली शोधत बाहेर आला आणि थबकला. "अव्वा, काय बघायल्यात दोघी?"

"तुला उशीर होईल. जा."

तो दोघींकडं आळीपाळीनं बघत गेला.

मंजुश्रीनं बोट वर ओढलं. पाखरू उठलं. समोरून काचेच्या पंखांचा थवा आला आणि तिचं बोट तलवारीकडं वळलं.

"लढू नको," उमादेवी म्हणाल्या. "नुसतं उड."

"लढल्याशिवाय पुढं जाता येत न्हाई."

"पुढं कुठं जायचंय?"

इतके महिने ती बेटामागून बेट जिंकत गेली होती. कुठं जायचंय हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिनं पाखरू वळवलं. थवा मागं पडला. बेटं संपली, ढग संपले, आणि खाली नुसता निळा पसारा उलगडत गेला. या बाजूला ती कधी आलीच नव्हती. इथं जिंकायला काही नव्हतं.

"हे काय हाय?"

"समुद्र."

"मी बघितला न्हाई कधी." उमादेवी पुढं वाकल्या. त्यांचा थरथरता हात सुनेच्या दंडावर येऊन टेकला आणि पडदा किंचित हलू लागला. आओरी वाऱ्यात डोलावी तशी डोलू लागली. "एवढा असतो?"

"ह्याच्याहून मोठा असंल."

आत कुकरची शिट्टी झाली. मंजुश्री उठायला लागली, तशी दंडावरची बोटं आवळली.

"होऊ दे. थोडं खाली घे, पाण्याजवळ."

मंजुश्रीनं बोट हळूच खाली ओढलं. पाखरू अलगद उतरत गेलं, आणि पाण्यावर त्याची सावली मोठी मोठी होऊ लागली.