पाहुण्यांसाठी काढलेली गोळी

“अम्मा, नोप्पी उंदा?” दवाखान्यात नर्सने मला तेलुगूत विचारलं. दुखतंय का, एवढंच. मी तोंड उघडायच्या आत माझा मुलगा बोलला, “लेदु, सिस्टर, नाही दुखत. आमच्या आईला सोसायची सवय आहे.”

नर्स हसली. “स्ट्राँग अम्मा!”

मी चाकाच्या खुर्चीत. मणक्यात करवत चाललेली, आणि ही दोघं माझ्यावर खूश.

छातीतली गाठ मणक्यात उतरलीय. बरं व्हायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी मला तोंडावर सांगितलं. “पण दुखणं कमी करता येतं,” त्या म्हणाल्या. मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. मुलाला बजावलं, दुखायची वाट बघू नका, ठरल्या वेळी द्या.

त्याने गोळ्या आणल्या आणि कपाटात कुलूप लावून ठेवल्या.

“अफू असते त्यात, आई. सवय लागेल.”

मरायला टेकलेल्या बाईला सवय लागेल म्हणून हा घाबरला.

कुकटपल्लीतला फ्लॅट. मागची खोली. मला एकटीला उठता येत नाही. मी कण्हले की हॉलमधला टीव्ही मोठा व्हायचा. सून पुण्याची, शिकलेली. दारातूनच म्हणायची, “आई, नामस्मरण करा ना.” करून पाहिलं. नामाने दुखणं थांबत नाही, तोंड तेवढं बंद राहतं. घराला तेवढंच हवं होतं.

मी चौथी शिकले. मुलाला इंजिनिअर केलं. आता मला किती दुखतं, ते तो ठरवत होता.

मग नातीला बघायला पाहुणे यायचे ठरले. सकाळपासून फरशी पुसणं, पोह्यांची फोडणी. माझ्या दाराला नवा पडदा लागला. मुलगा आत आला. एका हातात पाणी, दुसऱ्या हातात ती गोळी.

“आज ही घे, आई. मुलाकडचे येतायत. जरा शांत पडून राहा. तुझ्या आजाराचं त्यांना सांगितलेलं नाही.”

मी गोळीकडे बघत राहिले. म्हणजे देता येत होती. मी उशी चावत होते तेव्हा ती अफू. पाहुण्यांच्या कानांसाठी औषध.

“रोज देशील?”

“आई, आत्ता हा विषय कशाला?”

“रोज. वेळेवर. गोळ्यांचा डबा इथं, माझ्या उशाशी. नाहीतर ते सोफ्यावर टेकले की मी ओरडते. गाठीचं सांगते, कुलपाचंही सांगते.”

सून पडद्याआडून म्हणाली, “आई, पोरीचं जमत आलेलं मोडाल हो!”

“मोडलं तर मोडलं.”

बेल वाजली. मुलगा तसाच उभा. पुन्हा बेल. मी छातीभर श्वास घेतला. तो कपाटाकडे पळाला.

डबा उशाशी आला. गोळी घेतली. हॉलमध्ये बशा वाजत होत्या, हसणं चाललं होतं, आणि माझ्या मणक्यातल्या करवतीचे दात हळूहळू बोथट झाले. किती महिन्यांनी मी पाय लांब केले.

पाहुण्यांचा होकार अजून आलेला नाही. नात माझ्याशी बोलत नाही. आजी माझ्या लग्नावर उठली, म्हणते. उठलेच होते. पुन्हा उठेन.

या खोलीतून मी चालत बाहेर पडणार नाही. मरण इथंच यायचंय, पडद्यामागे. पण डबा संपत आला की मी हाक मारते. पहिली हाक हळू असते. दुसरी खालच्या मजल्यापर्यंत जाते.