ताकसांडेकाकांचा तिसरा ‘हौ’

आमच्या आंजीत पक्की खबर होती की प्रेमदास ताकसांडे यांना दोन बायका आहेत. एक समुद्रपूरला घरी आणि दुसरी फोनवर. घरची कोणी पाहिली नव्हती. फोनवरचीशी बोलताना मात्र त्यांना सगळ्यांनी ऐकलं होतं. नीलेश दूधवाला तर शपथ घेऊन सांगायचा, “अबे, घरच्या बायकोशी कोणी इतकं हळू बोलते का?”

खबर खोटी होती. दोन नव्हत्या, एकही नव्हती. हे मला कळलं ते माझ्याच आगाऊपणामुळे.

माझ्या आईचं, कुसुमबाईचं, आर्वी रोडवर छोटं हॉटेल आहे. नाव ‘शिवार’. मीठ, चहापत्ती आणि साखर सोडली तर गावाच्या शिवेबाहेरचं काही तिथे शिजत नाही. दाराशी पाटी असते, ती रोज सकाळी मी लिहिते: वांगे प्रभाकररावच्या वावरातले, सांबार प्रमिलाबाईचा. गेल्या दिवाळीत पुण्याची एक फॅमिली आली होती. साडेदहाला झुणका-भाकर खाऊन त्यातली बाई नाकातून म्हणाली, “किती ऑथेंटिक ब्रंच आहे हा!” आईने विचारलं, “वरून सांबार टाकू का?” तर म्हणे, “अय्या, मग इडली पण आहे?” आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो हे त्या बाईला कोण सांगणार! त्या दिवसापासून मी पाटीवर लिहायला लागले: ब्रंच, साडेदहा ते साडेबारा. दुसऱ्याच दिवशी प्रभाकररावांनी पाटी वाचून आईला विचारलं, “कोणत्या बँकेची ब्रांच उघडली वं बाई?”

पाटी पाहून न हसलेला एकच माणूस, ताकसांडेकाका. कारण त्यांची वेळ खरंच तीच. ते कपाशीवरची बोंडअळी मोजतात. अळी नाही, तिचे पतंग. वावरात काठीला कामगंध सापळे टांगलेले असतात, त्यात मादीच्या वासाची गोळी असते आणि खाली पिशवी. पहाटे समुद्रपूरहून मोटरसायकलने निघायचं, रोहण्याची वावरं करायची, मग आंजीची. पिशवीतले मेलेले नर मोजायचे, फोटो काढून वर पाठवायचे. आठच्या वर गेले की शेतकऱ्यांना फवारणीचा निरोप. हे सगळं होईस्तोवर अकरा वाजतात.

“म्हंजे मादी नसतेच का त्याच्यात?” मी एकदा विचारलं होतं.

“नसते. निस्ता वास. तरी येतात बिचारे,” काका म्हणाले आणि भाकर मोडली.

ते सोमवारी आणि गुरुवारी यायचे. आत येताना आईला “जय भीम, ताई” म्हणायचे, पाटीजवळ थांबून ती पूर्ण वाचायचे, मग कोपऱ्यातल्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून बसायचे. डोक्यावरची खाकी टोपी जेवतानाही काढायचे नाहीत. ताट आलं की शर्टाच्या खिशातून बटणांचा जुना फोन काढून कानाला लावायचे. फोटो काढायचा मोठा फोन वेगळा. हा छोटा कधी वाजल्याचं मी ऐकलं नव्हतं आणि माझ्या कानातून काही सुटत नाही. कॉलेज दुपारचं असल्याने माझी सकाळ याच उद्योगात जाते. बसस्टँडवरचा अनाउन्सर, आमचे केमिस्ट्रीचे सर, दळणाच्या लायनीत भांडणाऱ्या बाया, सगळे मला येतात.

काकांना मी ऑक्टोबरमध्ये पाठ केलं. एका गुरुवारी ते हात धुवायला मागे गेले, तेव्हा मी त्यांच्याच खुर्चीत बसले, मान जराशी खाली घातली आणि कानाला उलथनं लावलं.

“हौ... बसलो आता. वांगं हाय, प्रभाकररावच्या इथलं... नाई, तुयासारखं नाई जमलं... हौ... हौ, हाय न डोक्यावर. ठेवतो मंग.”

नीलेश टेबल बडवत हसला. आई मात्र हसली नाही. ती माझ्या मागे पाहत होती.

काका दारात उभे होते, हात ओले. मला वाटलं आता हे ताट टाकून जाणार आणि आई मला सोडणार नाही. ते जवळ आले आणि म्हणाले, “बाकी बराबर. तिसऱ्या ‘हौ’च्या आधी तू घाई केली. तिथं ती जास्त बोलते.”

“कोण, काका?”

“सुलोचना.”

नीलेश मग दुधाची कॅन उचलून निघून गेला.

काकांनी तो फोन माझ्या हातात दिला. स्क्रीन काळी, मागे बॅटरीवर रबर गुंडाळलेला. “तिचाच हाय. चार्ज होत नाई आता. तीन वर्षं झाले तिले जाऊन. मी असाच वावरं हिंडत राहो, अन् अकरा वाजले का तिचा फोन. काय जेवले, कोणाच्या हातचं, कोणाच्या वावरातलं, सारं सांगा लागे. आता मीच सांगतो.” थांबून म्हणाले, “तिचे बोल सारे याद हायेत, पोरी. आवाजच जाऊन राह्यला. पह्यले उत्तर देलं का मागचा सवाल ऐकू ये. आता नाई येत.”

“रेकॉर्डिंग नाई का एखादं?”

“रोज येनारा फोन कोनी रेकॉर्ड करते का?”

आई आत निघून गेली. मी गप्प राहायला हवं होतं. पण मी म्हणाले, “मी काढून दाखवतो आवाज. तुमच्या उत्तरावरून.”

“तू तिले पाह्यलं बी नाई.”

“लावा पैज.”

ते पहिल्यांदा हसले. ठरलं असं: तीन गुरुवार, तीन खेपा. निकाल काकांचा, त्यावर वाद नाही. मी जिंकले तर काकांनी आमची पाटी बसस्टँडच्या अनाउन्सरसारखी मोठ्याने वाचायची. मी हरले तर त्यांच्यासोबत बसून पूर्ण ताट जेवायचं, आणि तेवढा वेळ बोलायचं फक्त आपल्या आवाजात.

“हे तं काहीच नाई,” मी म्हणाले.

पहिल्या गुरुवारी मी बारीक, गोड आवाज लावला: “जेवले का?” काकांनी मान हलवली. “हे तं दवाखान्यातली नर्सबाई झाली. अन् ती ‘जेवले का’ नाई म्हने. ‘झालं का जेवन’ म्हने.” दुसऱ्या गुरुवारी जाड, दमलेला आवाज लावला. “हे तुयी आई हाय,” काका म्हणाले. आतून आई ओरडली, “काऊन, मी अशी बोलतो का?” तो आवाज तर मी काढला होता त्याहून जाड होता.

मधल्या सोमवारी मी काकांचं बोलणं ऐकलंच नाही, नुसतं पाहिलं. तिसऱ्या ‘हौ’च्या आधी, जिथे ती जास्त बोलते, तिथे ते फोन कानापासून दोन बोटं लांब नेत होते. दर वेळी. बंद पडलेला फोन. आणि मला कळलं. सुलोचनाकाकू हळू बोलतच नव्हती. समुद्रपूरहून आंजी लांब आहे, म्हणून ती ओरडायची.

तिसऱ्या गुरुवारी मी समोर गेलेच नाही. काकांनी फोन काढला, पहिला घास घेतला, आणि मी चुलीपासून, भांड्यांच्या आवाजाच्या वरताण, पूर्ण जोर लावून हाक घातली:

“ओऽ, झालं का जेवन? अन् टोपी हाय का डोक्यावर? का आजबी उघडेच हिंडून राह्यले उन्हात?”

हॉटेलातले सगळे वळले. काका वळले नाहीत. त्यांचा हात मात्र वर गेला होता. टोपीवर. ती होती तिथेच होती, तरी त्यांनी चाचपून पाहिली.

मी बाहेर आले. भिंतीकडे पाहतच त्यांनी टोपीवरून हात खाली घेतला. मग म्हणाले, “नाई.”

या माणसाचे ‘नाई’ मला पाठ आहेत. भाजी नको तेव्हाचं, पाऊस येणार नाही तेव्हाचं, वांगं तिच्यासारखं जमलं नाही तेव्हाचं. हे ‘नाई’ त्यातलं नव्हतं. पण वाद घालायचा नाही असं ठरलं होतं.

आईने न विचारता दुसरं ताट वाढून आणलं. मी बाजूची खुर्ची ओढली. त्यांनी फोन खिशात ठेवला, गुंडी लावली. माझी अर्धी भाकर संपली.

“बोल न,” काका म्हणाले. “पैज हरली हायेस.”

अनाउन्सर, केमिस्ट्रीचे सर, पुण्याची बाई, सगळे माझ्या घशाशी येऊन उभे होते, आणि त्यातलं एकही चालणार नव्हतं. शेवटी कसंबसं विचारलं, “आज किती पतंग सापडले, काका?”

“हौ,” ते म्हणाले, आणि भिंतीकडे केलेली खुर्ची थोडी माझ्याकडे वळवून सांगू लागले. “रोहण्याले तीन. अन् आंजीले...”