नाव मोठ्यानं वाचजो

रज्जाकचाचा गेल्याचा निरोप फोनवर सकाळी दहाला आला आणि मी तो एक वाजता वाचला. माझं खामगावात औषधाचं दुकान आहे आणि काम चालू असताना फोन मागच्या खोलीत असतो. धावत पोहोचलो तेव्हा नमाज होऊन जनाजा निघतच होता. खांदा देता आला...

फोन मागे ठेवायला लावला तो चाचांनीच. चार वर्षांपूर्वी ते माझे फक्त गिऱ्हाईक होते. एका हातानं व्हिडिओ सरकवत मी त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या. पाच मिलिग्रॅमच्या जागी दहाची पट्टी. तासाभरात ते परत आले, पट्टी काउंटरवर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, “मी घरी जाऊन वाचलं म्हनून समजलं. ज्याले वाचता येत नाई त्याचं काय होते, संजूभाऊ?”

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला चाचा येऊन स्टुलावर बसले. त्यांची सारी उमर जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवण्यात गेलेली. खिशातून चिमूटभर कापूस काढून त्यांनी मला तंतू ओढून लांबी पाहायला शिकवली. माझे तंतू तुटत होते, कारण दर मिनिटाला मी फोनकडे पाहत होतो.

“नजर एकटी असली का भटकते,” ते म्हणाले. “फोन मागच्या खोलीत ठेव. औषधाच्या नावाखाली बोट ठेव अन् नाव मोठ्यानं वाचजो.”

“लोक हसतील, चाचा.”

“हसू दे. जिते राह्यले तं हसतीनच.”

सुरुवातीला हात सारखा रिकाम्या खिशाकडे जायचा. हळूहळू थांबला. वडनेर भोलजीचे एक आजोबा महिनोन्‌महिने खोकल्याचंच औषध नेतात, हे तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. त्यांना तपासायला पाठवलं, वेळेत उपचार झाले. घरी लेक शाळेतलं सांगते ते मी शेवटपर्यंत ऐकू लागलो. चाचा रोज येत राहिले. चहा घ्यायचे, थोडं बोलायचे, बसायचे.

परवा त्यांची सून औषधाची चिठ्ठी घेऊन आली. मी म्हटलं, “भाभी, चाचांनी माझ्यासाठी फार केलं. उन्हातान्हात यायचे.”

“आम्ही नका जाऊ म्हनत होतो,” ती म्हणाली. “तं म्हनत, संजूच्या दुकानात बसलो का मले मोबाइलची याद येत नाई. दिवसभर तेच पाहत बसत होते, भाऊ. घरात कोनाशी बोलत नव्हते. तुमच्याकडे यायले लागले अन् मंग नातवंडांशी बोलायले लागले.”

चार वर्षं मला वाटत होतं, ते मला सांभाळायला येतात. हसू आलं, डोळेही भरले.

तिची चिठ्ठी घेतली, पहिल्या नावाखाली बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचू लागलो. शेवटच्या गोळीपर्यंत ती ऐकत उभी होती.